सोनी झेडव्ही-ई१० आणि रात्रभराचा दशावतार: बॅटरीचा हिशोब

झेडव्ही-ई१० घेताना प्रत्येकाने एकच बजावलं होतं, बॅटरी पुरायची नाही. गेला जत्रांचा अख्खा हंगाम कुडाळ-वेंगुर्ल्याकडचे दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारी पौराणिक लोकनाटकं, याच कॅमेऱ्यावर केले, तेव्हा आता बोलायला हरकत नाही. पुरत नाही हे खरंच. पण ती खर्च कुठे होते हे कळलं की अर्धी काळजी मिटते.

आधी आकडे. यात एनपी-एफडब्ल्यू५० ही बॅटरी बसते. ७.२ व्होल्ट, १,०२० एमएएच, म्हणजे साधारण ७.३ वॉट-अवर (बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा). सोनीच्याच २०१० च्या एनईएक्स-५ या कॅमेऱ्यात हीच होती, झेडव्ही-ई१० मात्र २०२१ चा. कंपनी स्वतःच दोन वेळा देते: सलग रेकॉर्डिंग सुमारे १२५ मिनिटं आणि प्रत्यक्ष वापरात सुमारे ८० मिनिटं. दुसरा आकडा मोजताना मध्ये मध्ये थांबणं, झूम, चालू-बंद हे सगळं धरलेलं असतं. बॅटरी तीच, तरी पाऊण तासाचं रेकॉर्डिंग कमी. ते गेलं थांबण्यात.

लाल बटण दाबलेलं नसलं म्हणजे कॅमेरा आराम करतो असं वाटतं. तसं नसतं. स्क्रीनवर चित्र दिसतंय याचाच अर्थ सेन्सर जागा आहे, प्रोसेसर जागा आहे, ऑटोफोकस चेहरे शोधतोय. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर वाढतं ते व्हिडिओ बांधून कार्डावर लिहिण्याचं काम, बाकी सगळं आधीपासूनच चालू असतं.

दशावतारात तर थांबणंच जास्त. नाटक बाराला म्हणून सांगतात, पण पालखीच्या प्रदक्षिणा झाल्याशिवाय ते उभं राहत नाही आणि पालखीला कोण घाई करणार? मग आडदशावतार, म्हणजे मुख्य कथेआधीचा भाग. गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन सगळ्यांना हसवून जातो. त्यानंतर आख्यानापर्यंत, म्हणजे मुख्य कथेपर्यंत, पुन्हा खंड. एकदा आख्यान लागलं की मात्र थांबायची सोय नाही. संवाद लिहिलेले नसतात, दोन राजे समोरासमोर आले की जुगलबंदी दहा मिनिटांत आटपेल की अर्ध्या तासाने, हे त्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून माझा नियम साधा आहे. आख्यानात कंजुषी करायची नाही, जी काही बचत ती त्याआधी.

म्हणजे पालखी फिरत असताना कॅमेरा सरळ बंद. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स प्रत्येक वेळी आत-बाहेर होते, त्या मोटरलाही थोडी बॅटरी लागते, म्हणून मिनिटाभरासाठी बंद करत नाही. त्याहून जास्त थांबायचं असेल तर बंदच. विसरलोच तर कॅमेऱ्याला आपोआप झोपवणारा पॉवर सेव्ह एक मिनिटावर लावलेला आहे. पर्याय दहा सेकंदांचाही आहे, पण तेवढ्यात झोपणारा कॅमेरा संकासुराच्या प्रवेशाला दगा देतो. एअरप्लेन मोड कायम चालू. कॅमेरा बंद असतानाही मोबाइलशी जोडलेला ठेवायची सोय मेनूत आहे, ती काढून टाकली. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टेडीशॉट (हादरे सावरणारी सोय) बंद. स्क्रीनचा उजेड खाली आणला, रात्री तसाही तो डोळ्यांत खुपतो. अंधुक स्क्रीनवर उजेडाचा अंदाज चुकतो म्हणून झेब्रा लावतो, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दिसतात. दिवसा पालखीच्या मागे उन्हात फिरायचं तर स्क्रीनच्या सगळ्यात उजळ ‘सनी वेदर’ सेटिंगशिवाय काही दिसत नाही, तिथे बचत विसरायची.

फोर-के मी बंदच केलं. नाटकवाल्या मंडळींना हवा असतो मोबाइलवर बघण्याजोगा व्हिडिओ. फुल एचडीत कॅमेरा कमी तापतो आणि कार्डही पुरतं.

आता हे सगळं करूनही एक बॅटरी रात्र काढत नाहीच. काढू शकतही नाही. ७.३ वॉट-अवर १२५ मिनिटांत संपतात म्हणजे कॅमेऱ्याची भूक साडेतीन वॉटच्या आसपास. आता पॉवरबँक बघा. २०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॉट-अवर. ५ व्होल्ट करताना आणि केबलमध्ये बरंच वाया जातं. तरी पन्नासेक हाती लागले असं धरलं तर बारा तासांहून जास्त चालतं. पहाटे दहीकाल्याने नाटक संपेपर्यंत बिनघोर. मेनूत यूएसबी पॉवर सप्लाय चालू ठेवायचं आणि कॅमेऱ्यात भरलेली बॅटरी असू द्यायची. केबल कुणाच्या पायात येऊन निघाली तरी रेकॉर्डिंग तुटत नाही, बॅटरी सांभाळून घेते. पॉवरबँक ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोने बांधतो, केबल आखूड आणि काटकोनी पिनेची घेतली आहे. तरी ती स्क्रीनच्या बाजूलाच येते, स्क्रीन स्वतःकडे वळवून बोलणाऱ्यांना ती अडचण वाटेल.

ट्रायपॉडची प्लेटही बघून घ्या. बॅटरी आणि कार्ड दोन्ही खालच्या एकाच झाकणात आहेत. प्लेट रुंद असली तर ते झाकण उघडतच नाही आणि ऐन नाटकात स्क्रू फिरवत बसावं लागतं.

जादा बॅटऱ्यांविषयी. एका स्वस्तातल्या कंपनीच्या दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. वर १,५०० एमएएच छापलेलं, चालल्या मूळ बॅटरीपेक्षा कमी. टक्के चाळीसवरून थेट पाचवर उतरायचे. पुढे त्यातली एक फुगली आणि कॅमेऱ्यात अडकता अडकता राहिली. फुगलेली बॅटरी चार्जरला पुन्हा लावू नका, ‘अजून चालते’ म्हणून तर नाहीच. आता मूळ बॅटऱ्याच वापरतो. पावसाळ्यात जत्रा नसतात तेव्हा त्या पूर्ण भरून ठेवत नाही, निम्म्याच्या आसपास ठेवतो. लिथियमच्या सेलना भरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने पडून राहणं मानवत नाही, आणि उकाड्यात तर त्या आणखीच लवकर म्हाताऱ्या होतात.

आज नव्याने घेणाऱ्याने दुसऱ्या आवृत्तीचा विचार जरूर करावा. २०२४ च्या झेडव्ही-ई१० टू मध्ये एनपी-एफझेड१०० आहे, २,२८० एमएएच, म्हणजे वॉट-अवरमध्ये दुपटीहून जास्त. फक्त जुन्या बॅटऱ्या आणि जुना चार्जर तिथे चालत नाहीत, तो खर्च आधीच धरा. माझ्याकडे पॉवरबँक आहे, ट्रायपॉड आहे आणि नाटक एकाच जागी होतं, त्यामुळे मी तूर्तास बदलत नाही. हातात कॅमेरा घेऊन दिवसभर फिरणाऱ्याने मात्र पहिली आवृत्ती केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.