मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र आणि हरवलेला फर्मा

सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, माझे पती डायलिसिसच्या पलंगावर पडून असतात. डाव्या हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या शिरेत, दोन सुया असल्यामुळे तो हात हलवता येत नाही आणि मधुमेहाने नजर अधू झाल्यामुळे नेहमीच्या टायपातले अक्षर त्यांना लागत नाही. पहाटे बायबलचा एक अध्याय वाचल्याशिवाय चहाला हात न लावणाऱ्या या माणसाला निदान त्या चार तासांत स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे, एवढ्यासाठी आम्ही मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र विकत घेतले. त्याला आता चौदा महिने झाले. इतक्या वापरानंतर एखाद्या प्रेशर कुकरविषयी जेवढ्या खात्रीने लिहिता येते, तेवढ्या खात्रीने या ग्रंथाविषयीही लिहिता यावे, असे मला वाटते.

खरेदी शरणपूर रोडवरच्या एका लहानशा ख्रिस्ती पुस्तकविक्री केंद्रातून केली. आम्ही नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला राहतो, त्यामुळे शरणपूरला जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तरीही पुस्तक हातात घेऊन, उघडून, अक्षर डोळ्यांना लागते की नाही हे पाहूनच घ्यायचे, असा यांचा आग्रह होता. शरणपूर या नावाचा अर्थ नव्या नाशिककरांच्या ध्यानात येत नाही, कारण त्यांच्या दृष्टीने तो दुकानांचा आणि दवाखान्यांचा रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने ही ख्रिस्ती वसाहत वसवली आणि अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे आणून ठेवली, शिकवली. त्यांच्यापैकी काही जण पुढे आफ्रिकेत भ्रमंती करणारे ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासात सामील झाले आणि 1873 साली ते वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतही होते. शरण आलेल्यांचे गाव, हे नाव उगाच पडलेले नाही.

आता वस्तूविषयी. घरच्या काट्यावर वजन एक किलो आठशे ग्रॅम भरले. अक्षर ठळक आणि मोठे आहे, ओळींमध्ये श्वास घ्यायला जागा आहे आणि अध्यायांचे आकडे दुरूनही दिसतात. ज्या कामासाठी घेतले ते काम त्याने चोख केले. कागद मात्र पातळ आहे. माझे पती नाशिक रोडच्या प्रेसमधून, म्हणजे टपाल तिकिटे आणि पासपोर्ट छापणाऱ्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणतेही छापील पान प्रथम खिडकीच्या उजेडात धरून पाहण्याची त्यांची सवय सुटलेली नाही. त्यांनी पाहिले आणि मागचे अक्षर पुढे दिसते, हा दोष दुकानातच सांगितला. मात्र एवढी पाने एका बांधणीत बसवायची तर दुसरा कागद परवडणारही नाही, हेही त्यांनीच सांगितले. शाईचे पेन पाठीमागे उमटते, म्हणून खुणा पेन्सिलीनेच कराव्यात. रेक्झिनच्या वेष्टनाची चेन सहाव्या महिन्यात बिघडली. तिचे मला वाईट वाटले नाही, कारण शांत वॉर्डात ती उघडताना होणारा करकर आवाज ऐकून चार पलंगांवरची माणसे डोळे उघडून पाहत.

खरी अडचण वजनाची. एका हाताने हे पुस्तक धरता येत नाही, पोटावर ठेवले तर दम लागतो आणि उशीवर टेकवले तर पाने मिटतात. पहिला आठवडा मी उभी राहून ते धरत असे. मग आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या सासूबाईंची, पोथी ठेवायची सागवानी ठवणी आणून दिली, जिच्यावर पूर्वी त्यांच्या घरी ज्ञानेश्वरी वाचली जाई. ती पलंगाच्या फिरत्या टेबलावर अगदी बेतशीर बसते. ‘‘नुसती माळ्यावर पडून होती, तिला तरी काम मिळालं,’’ एवढेच काकू म्हणाल्या. ज्यांना हे पुस्तक आजारी माणसासाठी घ्यायचे असेल त्यांनी ठवणीची सोय आधी करावी. पुस्तकाबरोबर ती मिळत नाही आणि मिळायला हवी.

पुस्तक घेण्यापूर्वी आमच्याकडे वचनांचे कॅलेंडर होते. बहुतेक ख्रिस्ती घरांत ते असते: रोज एक पान, त्यावर एक आश्वासक वचन, मागे डोंगर किंवा सूर्योदय. दुखण्याच्या पहिल्या महिन्यांत ते पाहून मला चीड येऊ लागली होती, हे मी मोकळेपणाने लिहिते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातले, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, हे वचन त्यावर वर्षातून दोनदा तरी येते, आणि मूत्रपिंडाच्या तपासणीतला क्रिएटिनीनचा आकडा हातात घेऊन घरी आलेल्या माणसाला ते थट्टेसारखे वाटू शकते. मोठ्या अक्षरांत तोच अध्याय पहिल्यापासून वाचला तेव्हा कळले की ते पत्र आहे, बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेले, आणि संकल्पांच्या त्या वचनाच्या लगेच वरच्या ओळीत देव त्यांना सांगतो की सत्तर वर्षे पुरी झाल्यावर मी तुमची विचारपूस करून तुम्हाला परत आणीन. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते. त्यांना सांगितले होते ते असे की घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्ही नाइलाजाने आहात त्या नगरासाठी प्रार्थना करा. हे वाचल्यावर यांनी डायलिसिस केंद्रातल्या मावशींच्या मुलीच्या दहावीची चौकशी सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. कॅलेंडरवरची ओळ खोटी नव्हती. तिच्याआधीची दहा वचने कापून टाकलेली होती.

संपूर्ण ग्रंथ आणि निवडक वचने यांतला हा फरक या परीक्षणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी पुष्कळशी तक्रारीची, विलापाची आहेत, आणि 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. असे स्तोत्र कोणी कॅलेंडरवर छापत नाही. पण रात्री दोन वाजता पाय ओढले जातात आणि पाणी मोजून प्यायचे असल्यामुळे घसा कोरडा पडलेला असतो, तेव्हा हे स्तोत्र वाचून माझ्या पतींना हायसे वाटते. देवाजवळ असे बोललेले चालते, हे त्यात छापलेले आहे. विश्वास असणाऱ्याने कायम हसतमुखच असले पाहिजे, अशी अपेक्षा आमच्या चर्चच्या मंडळीतही काही जण बाळगतात. त्यांनी ते स्तोत्र सावकाश वाचावे.

आता फर्म्याची गोष्ट. दिवाळीनंतर यांनी ईयोबाचे पुस्तक धरले. त्याचे 42 अध्याय आहेत. मुलेबाळे, गुरेढोरे आणि प्रकृती गमावलेला तो मनुष्य राखेत बसतो, आणि त्याचे तीन मित्र येऊन सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ बसतात. त्या मित्रांनी संपूर्ण पुस्तकात केलेले चांगले काम तेवढेच, असे हे म्हणत. कारण तोंड उघडल्यावर ते त्याला त्याचीच चूक शोधून देऊ लागतात. (आमच्याकडे भेटीला येणाऱ्यांनी साखर, पाणी, कर्म, नवस, काढे आणि प्रार्थनेतला कमी विश्वास अशी एकूण सहा कारणे आतापर्यंत दिली आहेत.) वाचन अठ्ठावीस-एकोणतीस अध्याय रेंगाळले, मग अलिहू नावाचा तरुण पुढे येऊन थोरामोठ्यांना ज्ञान शिकवू लागतो, तिथे आम्ही येऊन पोचलो. 36वा अध्याय अर्धा झाला, मी पान उलटले आणि पुढे 9वे स्तोत्र निघाले. यांनी ठवणीकडे मान वाकवून पानांचे आकडे पाहिले. 768 नंतर थेट 785.

‘‘फर्मा राहिलाय,’’ हे म्हणाले. सोळा पानांचा एक अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली जुडी, बांधणीत पडलाच नव्हता. ज्याने आयुष्यभर एक तिकीटसुद्धा मोजणीत कमी पडू दिले नाही, त्याच्या हाती असे पुस्तक यावे, याचे त्यांना आधी हसू आले. मग ते गप्प झाले, कारण 38व्या अध्यायात देव ईयोबाशी प्रथमच बोलतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. छत्तीस अध्याय ज्याची वाट पाहिली ते उत्तर आमच्या प्रतीत नव्हतेच. मोबाइलवर ते एका मिनिटात मिळाले असते. मी पर्स उघडलीसुद्धा, पण यांनी उजवा हात हलवून नको म्हटले. अजून अडीच तास होते. यंत्राचा आवाज चालू होता. आम्ही बसून राहिलो.

त्या संध्याकाळी सासऱ्यांच्या जुन्या, बारीक अक्षरांच्या बायबलमधून मी तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. इतक्या वर्षांत तो किती वेळा ऐकला असेल, पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली: देव उत्तर देतच नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, हिमाची भांडारे तू पाहिली आहेस काय, रानगाढवाला मोकळे कोणी सोडले, असे तो उलट विचारत जातो. दुःखाचे कारण ईयोबाला शेवटपर्यंत सांगितले जात नाही. त्याला मिळते ते एवढेच की ज्याला तो इतके अध्याय हाका मारत होता, तो स्वतः त्याच्याशी बोलतो, आणि पुढे, बडबड करणाऱ्या मित्रांपेक्षा तक्रार करणारा ईयोब योग्य बोलला, असा निवाडाही देतो. यांनी डोळे मिटूनच विचारले, ‘‘म्हणजे फर्मा असता तरी कारण कळलं नसतंच?’’ मी ‘नसतंच’ म्हटले. त्यानंतर त्यांना बऱ्याच दिवसांनी सलग झोप लागली. यात चमत्कार काही नाही आणि दुसऱ्या दिवशीचे रिपोर्टही पूर्वीसारखेच होते. पण माझ्यात काय चुकले, हा जो हिशेब ते रात्र-रात्र मांडत असत, तो त्यांनी त्या दिवसापासून सोडला आहे.

पुस्तक बदलून मिळण्यात अडचण आली नाही. पावती हरवलेली होती, पानांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तरी विक्रेत्या भाऊंनी आकडे पाहून लगेच दुसरी प्रत काढली आणि ती यांच्यासमोर पान-पान तपासली. एवढ्या मोठ्या ग्रंथाची जुळणी घाईघाईने झाली की असे होते, हे मान्य आहे. तरी प्रकाशकाने तपासनीस नेमावा आणि घेणाऱ्याने दुकानातच पृष्ठांक पाहून घ्यावेत. त्या दिवशी परतताना यांनी पंडिता रमाबाईंची आठवण काढली. पती, आईवडील, भाऊ आणि अखेरीस 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा, इतकी माणसे गमावलेल्या त्या बाईने मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणले, ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्या बायकांच्या हातांनी छापले गेले आणि 1924 साली, रमाबाईंच्या निधनानंतर, बाहेर आले. ‘‘त्या बायकांनी फर्मा राहू दिला नसता,’’ असे यांचे मत आहे, आणि प्रेसमधल्या माणसाने दिलेले हे प्रशस्तिपत्र मी जसेच्या तसे नोंदवते.

भाषेविषयी थोडेसे. आमची प्रत प्रचलित, जरा जुन्या वळणाच्या भाषांतराची आहे. सोप्या मराठीतली आवृत्तीही मिळते आणि मुलांसाठी ती बरी आहे. परंतु ‘मला काही उणे पडणार नाही’ यातला ‘उणे’ किंवा रोमकरांस पत्रातील ‘संकटाने धीर, धीराने शील, व शीलाने आशा निर्माण होते’ यातला ‘शील’ हा शब्द सोपा केला की पाणी घातलेल्या आमटीसारखा लागतो. त्या ओळीत आशा शेवटी येते, संकट आणि आशा यांच्यामध्ये दोन पायऱ्या आहेत, आणि त्या चढायला वेळ लागतो, हे मला चौदा महिन्यांत पटले आहे. कानांनी ऐकायचे बायबलही आम्ही वापरून पाहिले. त्यामागचे संगीत यांना सहन झाले नाही.

दुसरी प्रत आता चांगली चालली आहे. शुक्रवारी शेजारच्या पलंगावर निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार असतात, गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकवली त्याला दोन वर्षे झाली म्हणून हळहळणारे. गारपिटीत बाग गेली त्या आठवड्यात त्यांनी आपणहून विचारले, ‘‘भाऊ, तुमच्या पोथीत द्राक्षाचं काही आहे का?’’ यांनी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवट काढून दिला: अंजीर फुलला नाही, द्राक्षवेलीला फळ आले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग यांनी योहानाचा 15वा अध्याय वाचला, ज्यात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवतो आणि फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून पिता त्याची छाटणी करतो, असे सांगतो.

‘‘कोणती छाटणी?’’ बागायतदारांनी लगेच विचारले. ‘‘एप्रिलची खरड छाटणी का ऑक्टोबरची गोडी छाटणी?’’

यांना सांगता येईना. मग त्यांनीच समजावले की गोडी छाटणीनंतर माल धरतो, ती कोणालाही आवडते. खरड छाटणीत वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या मुख्य फांदीपर्यंत, बोडकी करतात, भर उन्हाळ्यात बाग मेल्यासारखी दिसते, पण पुढच्या मालाची काडी त्याच वेळी तयार होत असते. नवखा माणूस एप्रिलात बाग पाहून रडतो, असे ते म्हणाले. यांनी ठवणी जवळ ओढायला सांगितली, पेन्सिल मागितली आणि त्या वचनाच्या समासात उजव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले: ‘खरड की गोडी? विचारणे.’