साडेसव्वीस तोळ्यांचा फोन सोडला, त्याला दहा महिने झाले

सुरुवात नागपुरात, इतवारीच्या सराफ्यात झाली. तिथं माझा शाळेतला मित्र वडिलांच्या गादीवर बसतो. मागच्या दिवाळीनंतर सहज गेलो होतो, तर चहा येईपर्यंत त्यानं माझा फोन उचलला अन् काट्यावर ठेवला. कव्हर, काच, सगळ्यासकट २६५ ग्रॅम. सराफ्यात आता दहा ग्रॅमचा तोळा धरतात. त्या हिशेबानं तो म्हणाला, "साडेसव्वीस तोळे खिशात घालून फिरून राहिला बे तू. अन् वहिनीच्या गळ्यात दोन तोळे तरी आहेत का?"

वहिनीच्या गळ्याचा विषय मी तिथंच सोडून दिला, पण आकडा डोक्यात बसला. कंपनीच्या पत्रकात याच फोनचं वजन २१५ लिहिलं होतं. वरचे पन्नास ग्रॅम मीच चढवले होते: चाळीसचं ते जाडजूड 'आर्मर' कव्हर अन् दहा-एक ग्रॅमची काच. फोन जड, म्हणून हातातून सुटतो; सुटतो म्हणून जाड कव्हर; कव्हरमुळे आणखी जड. दोन वर्षं हेच चाललं होतं अन् माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. सकाळी धंतोली, दुपारी दवा बाजार, संध्याकाळी रामदासपेठ, अन् आठवड्यातून दोनदा काटोल नाहीतर उमरेड. डाव्या हातात सॅम्पलची बॅग, उजव्या हातात फोन. डॉक्टरांच्या केबिनबाहेर उभ्यानं काढलेला वेळ मोजला तर रोजचे अडीच-तीन तास सहज निघतात, अन् त्या सगळ्या वेळात फोन एकाच हातानं चालवायचा. डीसीआर, म्हणजे रोजच्या डॉक्टर-भेटींचा रिपोर्ट, त्याच्यावरच भरायचा, स्टॉकिस्टला ऑर्डर त्याच्यावरूनच टाकायची, एरिया मॅनेजरच्या शिव्याही त्याच्यावरच खायच्या. हे सांगतो आहे ते यासाठी, की खुर्चीत बसून दोन्ही हातांनी फोन वापरणाऱ्याला पुढचं सगळं रडगाणं वाटू शकतं.

जुना फोन ६.७ इंची होता, २०२२ च्या दिवाळीत घेतलेला. मोठा का घेतला? कारण तेवढ्याच पैशात मोठा मिळत होता. काकडी घेताना आपण जो हिशेब लावतो, तोच लावला. पहिला महिना मजेत गेला. मग उन्हाळा आला, पातळ सुती शर्ट आले, अन् वरच्या खिशातला फोन शर्टाला एका बाजूनं ओढायला लागला. पँटच्या खिशात ठेवून स्कूटरवर बसलो की त्याचं वरचं टोक जांघेत रुतायचं. धंतोलीत एका हॉस्पिटलसमोर गाडी स्टँडवर लावायला वाकलो, तर फोन वरच्या खिशातून निघून सरळ गट्टूवर. आर्मर कव्हर असूनसुद्धा स्क्रीन गेली. साडेअकरा हजार. त्या दिवशी मी जेवलो नाही म्हटलं तर कोणाला खोटं वाटेल, पण खरंच जेवलो नाही.

अंगठ्याचं दुखणं मात्र हळूहळू आलं. आधी मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी, सकाळी कळ. मग स्कूटरचं अ‍ॅक्सिलरेटर फिरवताना. ज्यांच्याकडे महिन्यातून दोनदा कॉलला, म्हणजे भेटीला, जातो त्या एका हाडाच्या डॉक्टरांना भीतभीत विचारलं. ड्रॉवरमध्ये आमच्याच कंपनीच्या दुखण्याच्या जेलची सॅम्पल पडलेली, अन् मी समोर हात पुढे करून उभा! त्यांनी अंगठा मुठीच्या आत घालायला सांगितला अन् मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली. मी ओरडलोच. "डी क्वेरव्हेन," ते म्हणाले. अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन स्नायुरज्जू मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात, तिथं त्या घासायला लागतात. हे नाव आमच्या लिटरेचरमध्ये मी शंभरदा वाचलं होतं. स्विस सर्जन होता तो, १८९५ मध्ये त्यानं हे दुखणं लिहून ठेवलं. तेव्हा कुठं होते मोबाईल? म्हणजे एकट्या फोनला फाशी देता येत नाही, असं डॉक्टरही म्हणाले. स्कूटर आहे, बॅग आहे. पण त्यांनी एक गोष्ट नेमकी पकडली. "वजन नंतर बघा, आधी हे बघा, तुमचा अंगठा कुठपर्यंत ताणावा लागतो." मी फोन धरून दाखवला. करंगळी खाली टेकूसारखी, चार बोटं मागं, अन् अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे निघालेला, पोहोचत नाही म्हणून फोनच तळहातात उडवून सरकवायचा. दिवसातून किती वेळा, देव जाणे.

मग मी फोन बघायला सीताबर्डीवर गेलो, अन् तिथं कळलं की दुकानात वजन कळूच शकत नाही. शोकेसमधल्या फोनच्या पाठीला चोरी होऊ नये म्हणून एक गोल ठोकळा चिकटवलेला, त्याला तार. उचललं की तार मागं ओढते. काही ठिकाणी तर नुसते डमी, आत बॅटरीच नाही, उचलले तर पापडासारखे हलके. अन् खरा फोन हातात दिला तरी तो दहा सेकंद. दहा सेकंदांत जड फोन जड वाटत नाही, उलट भारी वाटतो, 'पैसे वसूल' वाटतो. दुकानदाराला म्हटलं, सहा इंचाच्या आसपासचं दाखवा. तो म्हणाला, "छोटा फोन कोण घेते भाऊ आता? लोकं टीव्ही विकून मोबाईलवर मॅच पाहून राहिले." त्याचं चूक नाही. ५.४ इंचाचा, १४१ ग्रॅमचा आयफोन १३ मिनी किती लोकांना आवडायचा, पण घेणारे निघाले नाहीत. पुढच्या वर्षी मिनीच्या जागी 'प्लस' आला, तो २०३ ग्रॅमचा.

शेवटी मी दुकानाचा नाद सोडला अन् आमच्याच टीममधल्या एका पोराचा छोटा फोन एका रविवारपुरता मागून घेतला. माझं सिम त्यात, त्याचं माझ्यात. सोमवारी परत देताना जीवावर आलं. मला वाटतं फोन घेण्याची हीच एक पद्धत खरी आहे.

जानेवारीत जो घेतला तो ६.१ इंची, रुंदी ७१ मिलिमीटर, पत्रकातलं वजन १६८. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, जुन्याचंही नाही अन् नव्याचंही नाही. या आकाराचे दोन-चार कंपन्यांचे आहेत अन् मला बोलायचंय ते आकाराबद्दल.

आपण इंच विचारतो, पण हाताला इंच कळत नाहीत. इंच म्हणजे स्क्रीनची तिरपी लांबी. हाताला कळते ती रुंदी. २०११ चा पहिला गॅलेक्सी नोट आठवतो? ५.३ इंची, लोक हसायचे, कानाला पाटी लावल्यासारखी दिसते म्हणायचे. तो १४७ मिलिमीटर उंच अन् ८३ रुंद होता, वजन १७८. २०२५ चा गॅलेक्सी एस २५ बघा. उंची तेवढीच, १४७, पण रुंदी साडेसत्तर, वजन १६२, अन् स्क्रीन ६.२ इंचाची! कडा गेल्या, स्क्रीन लांबुडकी झाली. म्हणजे आजच्या 'छोट्या' फोनची स्क्रीन त्या पाटीपेक्षा इंचांत मोठीच आहे, फक्त मुठीत मावते. ७१ अन् ७७ मिलिमीटरमध्ये फरक किती? सहा. चण्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढा. पण माझा अंगठा ७१ वर समोरच्या कडेला पोहोचतो अन् ७७ वर पोहोचत नाही, संपलं.

वजन कुठून येतं तेही बघून ठेवलं. पाच हजार एमएएचची बॅटरीच साधारण सत्तर ग्रॅम. मग पुढची काच, मागची काच, धातूची चौकट, कॅमेऱ्याची भिंगं. चौकटीचा फरक मोठा असतो. आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा होता, पुढच्या वर्षी स्टीलऐवजी टायटॅनियम आलं अन् १५ प्रो मॅक्स २२१ वर उतरला. कॅमेऱ्याचा उंचवटा मात्र वेगळाच त्रास देतो. भार वर असला की फोन पुढं कलंडायला बघतो अन् करंगळीला जास्त दाबून धरावं लागतं. माझ्या जुन्यात तेच होतं. करंगळीच्या आतल्या बाजूला पडलेला खळगा दोन-तीन महिन्यांनी भरून आला.

दहा महिन्यांचा हिशेब सांगायचा तर अंगठा पहिल्या दीड महिन्यात बराच सुधारला. व्यायामही करत होतो अन् दोन आठवडे पट्टाही बांधला होता, म्हणून सगळं श्रेय फोनला देत नाही. पण आता कॉलच्या आधी केबिनबाहेर उभा असतो तेव्हा फोन हातात आहे हे लक्षात राहत नाही. हे वाक्य साधं वाटेल, पण मला यासाठीच पैसे द्यायचे होते. खाली एकदाही पडला नाही, म्हणून कव्हरही वीस ग्रॅमचं पातळ सिलिकॉनचं आहे. मेट्रोत सीताबर्डीला गाडी बदलताना गर्दीत एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं मेसेज टाइप करता येतो.

टाइपवरून आठवलं. इथं मात्र मी हरलो. इंग्रजीत सव्वीसच अक्षरं, त्यामुळे छोट्या स्क्रीनवर निभतं. मराठी कीबोर्डवर स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, सगळं त्याच ७१ मिलिमीटरमध्ये कोंबलेलं. 'ठ' दाबायला जावं तर 'ट' येतो, जोडाक्षराला तर रोज भांडण. बोलून लिहायचं म्हटलं तर 'येऊन राहिलो' हे त्याला वेगळंच काहीतरी ऐकू येतं. स्टॉकिस्टचं एक्सेलमधलं स्टेटमेंट या स्क्रीनवर वाचणं म्हणजे किल्लीच्या भोकातून खोली पाहणं. जुन्या ६.७ इंचीवर जागा साधारण वीस टक्के जास्त होती, ती तिथं आठवते.

अन् बॅटरी. एप्रिलपर्यंत रात्री नऊला वीस टक्के उरायची, मला पुरायचं. मे लागला अन् खेळ संपला. आपल्याकडचा उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. २०२४ च्या मेमध्ये इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते अन् देशभर बोंब झाली. नंतर निघालं की सेन्सरच बिघडलेला. पण पंचेचाळीस तर खरेच असतात ना. ॲपल आपला फोन शून्य ते ३५ अंशांत वापरा म्हणते. ३५? आमच्याकडे मेमध्ये सकाळचे तर्री पोहे संपेपर्यंत तेवढे होऊन जातात. दुपारी दोनला स्क्रीनचा उजेड पूर्ण, मॅप चालू, नेट चालू. छोट्या अंगाचा फोन, उष्णता जाणार कुठं? हाताला चटका, उजेड आपोआप मंद, अन् चार वाजता पंधरा टक्के. चार्जरला लावला तर 'थंड झाल्यावर चार्ज होईल' अशी पाटी. तीन महिने मी बॅगेत दहा हजार एमएएचची पॉवर बँक घेऊन फिरलो.

ती मी जूनमध्ये मुद्दाम सराफ्यात नेली. नवा फोन कव्हर-काचेसकट काट्यावर ठेवला, १९७. मित्र खूश झाला. मग मी बॅगेतून पॉवर बँक काढली. २१६. त्यानं दोन्ही एकत्र ठेवून बघितले अन् म्हणाला, "एक्केचाळीस तोळे. लग्न आहे का बे घरी?"

तरीही मला हेच बरं वाटतं. बॅगेतले दोनशे ग्रॅम खांद्यावर असतात, अंगठ्यावर नाही.

जुना फोन आता आईकडे आहे, अन् तिच्याकडे पाहूनच एक गोष्ट ध्यानात आली. आई फोन हातात धरतच नाही. स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवते अन् भाजी निवडता निवडता कीर्तन पाहते. तिला २१५ असो की ४१५, काय फरक? माझा नवा तिला दाखवला तर म्हणाली, "हा तं रिमोट दिसते बाप्पा." टेकवून पाहणाऱ्यानं मोठाच घ्यावा. एका हातात धरून उभं राहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आता घ्यायचा असता तर मी थोडं वेगळं निवडलं असतं. मी घेतला तेव्हा जानेवारीत जे आपल्या बजेटमध्ये दिसत नव्हतं ते नंतर आलं. नव्या बॅटऱ्यांमध्ये ग्राफाइटसोबत सिलिकॉन घालतात, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त चार्ज मावतो. २०२५ च्या जूनमध्ये आलेला वनप्लस १३ एस ६.३२ इंची आहे, १८५ ग्रॅम, अन् बॅटरी ५८५० एमएएच. विवो एक्स २०० एफई जवळपास तसाच, १८६ ग्रॅममध्ये ६५००. माझ्यापेक्षा सतरा-अठरा ग्रॅम जास्त, पण मेमध्ये पॉवर बँक घरी राहिली असती. उलट ते नवे पातळ फोन, ५.६ मिलिमीटरचा १६५ ग्रॅमचा आयफोन एअर, ५.८ चा १६३ ग्रॅमचा एस २५ एज, मला काही पटत नाहीत. जाडीनं माझं कधी काही बिघडलं नव्हतं. रुंदी दोघांचीही पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे अंगठा पुन्हा तिथंच.

या दिवाळीत बायकोला फोन घ्यायचा होता. मी तिला सगळं सांगितलं, रुंदी, करंगळी, डी क्वेरव्हेन, इतवारीचा काटा. तिनं ऐकून घेतलं. सीताबर्डीवर छोटा अन् मोठा, दोन्ही फोन हातात धरून पाहिले, अन् ६.८ इंची उचलला, २१० ग्रॅमच्या वरचा. "माझा पर्समध्ये राहते, तुमच्यासारखा खिशात नाही," म्हणाली. मुद्दा बरोबर होता, मी गप्प बसलो. परवा रात्री लाइट बंद करून ती उताणी पडून रील्स पाहत होती. अकरा-सव्वाअकराला आवाज आला, थप्प, अन् मग "अगं आई गं". मी कूस बदलून झोपल्याचं सोंग घेतलं.