पहिल्या बुकिंगची सूट: जाहिरातीत २० टक्के, हातात किती?

दिवाळीनंतर सासू-सासऱ्यांना घेऊन अलिबागजवळच्या नागावला जायचं होतं. सुट्टीसाठी बंगले भाड्याने देणाऱ्या एका साइटवर नव्या ग्राहकांना पहिल्या बुकिंगला २० टक्के सूट होती, म्हणून तिथूनच केलं.

एकूण भाडं १२,००० रुपये. म्हणजे २,४०० सुटायला हवेत, सुटले १,५००. कारण सुटीच्या रकमेला १,५०० ची कमाल मर्यादा होती, आणि ती लिहिलेली कूपन टाकल्यावर उघडणाऱ्या पानावर, तीही बारीक अक्षरांत. हे मला मुळीच पटलं नाही. टक्का ठळक छापता, तर मर्यादाही शेजारीच छापा. शिवाय सूट फक्त भाड्यावर. साफसफाईचे ९०० आणि साइटचं सेवाशुल्क पूर्ण भरावं लागलं. नाताळच्या आठवड्याला तर हे कूपन चालतच नाही. त्यामुळे दोन साइटची तुलना करताना टक्के बघू नका, पैसे भरायच्या आधीच्या पानावरची शेवटची रक्कम बघा. आणि कूपन मोबाइल नंबरला जोडलेलं असतं, तेव्हा ते एका रात्रीच्या छोट्या बुकिंगवर घालवू नका.

बंगला मात्र फोटोत होता तसाच. नारळ-सुपारीची वाडी, तळमजल्यावर खोली, न्हाणीघरात धरायला दांडा (सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हे आधीच विचारून घेतलं होतं). केअरटेकरच्या बायकोने केलेली सुरमई आणि तांदळाची भाकरी फारच छान. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्या नेणाऱ्या बोटीने) गाडीसकट मांडव्याला उतरलो, म्हणून म्हाताऱ्यांना त्रास झाला नाही.

घराला पाचपैकी पाच, सूट देण्याच्या पद्धतीला दोन. मर्यादेबद्दल कस्टमर केअरला लिहिलं आहे. अजून उत्तर नाही.