खराब लायपो रिकामी करायची साधनं: बल्ब घ्या, मिठाचं पाणी सोडा

फुगलेला किंवा अपघातात चेपलेला लायपो (ड्रोन, आरसी मॉडेलमधली लिथियम-पॉलिमर बॅटरी) पॅक टाकून देण्याआधी त्यातली ऊर्जा पूर्ण काढून घ्यावी लागते. त्यासाठी विकली जाणारी साधनं सगळी ‘सुरक्षित’ म्हणूनच विकली जातात, पण प्रत्येकाचं काम वेगळं असतं. बल्बचा डिस्चार्जर पॅक रिकामा करतो, पिशवी आणि पेटी फक्त आग आवरतात. पिशवी आहे म्हणून पॅक तसाच भरलेला ठेवणं धोक्याचं आहे.

सगळ्यांत आधी हे पाहा: पॅक गरम लागतोय, त्याला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येतोय, आवरण फाटलंय किंवा ओल दिसतेय, तर यातलं कोणतंही साधन त्याला जोडू नका. तो उघड्यावर, जळण्यासारखं काही जवळ नाही अशा जागी कोरड्या वाळूत ठेवा. मार बसल्यावर पॅक लगेचच पेटतो असं नाही, आतला शॉर्ट काही तासांनीही पेट घेऊ शकतो. खालचं सगळं थंड, कोरड्या आणि अखंड आवरणाच्या पॅकसाठी आहे. फुगलेला पॅक टोचून गॅस काढण्याचा विचारही नको. तो गॅस ज्वलनशील असतो आणि टोचताना आतले थर एकमेकांना चिकटून शॉर्ट होतात.

बल्बचा डिस्चार्जर हे यातलं सगळ्यात कामाचं साधन. गाडीचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब ३एस (म्हणजे एकामागे एक जोडलेले तीन सेल) पॅकवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. म्हणजे २२०० एमएएचचा पॅक स्टोरेज व्होल्टेजला (साधारण अर्धा भरलेला) असेल तर बराचसा चार्ज पाऊण तासात निघतो. बल्बचा खरा फायदा त्यानंतर दिसतो. फिलामेंट थंड होत जाते तसा तिचा रोध कमी होतो, त्यामुळे व्होल्टेज घसरलं तरी करंट फारसा मरत नाही. रेझिस्टरमध्ये हे होत नाही, तिथे शेवटचा टप्पा रेंगाळतो. रेझिस्टरच वापरायचा असेल तर ३एससाठी १० ओहम ठीक आहे. पूर्ण चार्जला त्यात सुमारे १६ वॉट उष्णता तयार होते, म्हणून ५० वॉटचा, ॲल्युमिनियमच्या आवरणाचा, हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला घ्या.

तयार डिस्चार्जर घेताना बल्ब कसे जोडलेत ते मल्टिमीटरने तपासा. खोक्यावर ‘२एस ते ६एस’ असलं आणि आत दोन बल्ब समांतर असले, तर ४एसचे १६.८ व्होल्ट ते फार काळ सोसत नाहीत. फिलामेंट तुटली की डिस्चार्ज थांबतो आणि पॅक रिकामा झाला असं वाटत राहतं. ४एस ते ६एससाठी दोन बल्ब एकामागे एक हवेत. दुसरी खोट म्हणजे सेलमागे ३ किंवा ३.३ व्होल्टला आपोआप बंद होणारा कटऑफ. चांगल्या पॅकसाठी तो गुण आहे, पण इथे पॅक शून्यापर्यंत न्यायचा असतो, म्हणून अडचण होते. कटऑफ बंद करता येत नसेल तर ते मॉडेल या कामासाठी घेऊ नका.

आणि एक मर्यादा, जी कोणत्याच खोक्यावर लिहिलेली नसते. खराब पॅकमध्ये बहुतेकदा एक सेल इतरांच्या आधी बसलेला असतो. मेन वायरमधून डिस्चार्ज केलं तर बाकीचे सेल त्या मेलेल्या सेलमधून करंट ढकलतात, त्याची ध्रुवता उलटते आणि आत शॉर्ट तयार होऊ शकतो. म्हणून आधी बॅलन्स प्लगवर (प्रत्येक सेलची बारीक तार येणारा छोटा प्लग) प्रत्येक सेल मोजा. फरक मोठा असेल, किंवा आतली पट्टी तुटल्यामुळे मेन वायरवर व्होल्टेजच येत नसेल, तर बॅलन्स वायरवरून एकेक सेल वेगळा रिकामा करा. त्याला ४.७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर पुरतो. ४.२ व्होल्टला करंट एक अँपिअरच्या आत राहतो आणि त्या बारीक तारा तो सहज पेलतात. जोडताना एका वेळी एकच सेल, आणि दोन टोकं एकमेकांना लागू द्यायची नाहीत.

चार्जरमधला डिस्चार्ज मोड सोयीचा आहे, पण धिम्या गतीचा. साध्या चार्जरची डिस्चार्ज क्षमता ५ वॉट असते. ६एस, ५००० एमएएचच्या भरलेल्या पॅकमध्ये १११ वॉट-तास असतात, म्हणजे बावीस तास. शिवाय बहुतेक चार्जर सेलमागे ३ व्होल्टला थांबतात आणि बिघडलेला सेल दिसला की एरर देतात. काहींमध्ये शून्यापर्यंत नेणारा ‘डिस्ट्रॉय’ पर्याय असतो, तो असेल तर जरूर वापरा. नायएमएच (निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच्या) मोडवर टाकून चार्जरला फसवण्याची युक्ती मात्र टाळा. चुकून चार्ज सुरू झालं तर बिघडलेल्या पॅकमध्ये करंट जाऊ लागतो.

मिठाच्या पाण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो वाईट आहे. विद्युत अपघटनाने कनेक्टर आणि तारा गंजतात, मग जोड तुटतो आणि चार्ज आतच अडकतो. वर हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात. आवरण फाटलेलं असेल तर इलेक्ट्रोलाइटमधलं फ्लोरीनयुक्त लिथियम मीठ पाण्याशी क्रिया करून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवतं.

अग्निरोधक पिशवी काचतंतूंच्या कापडाची असते. छोटा पॅक ने-आण करायला ठीक. पण धूर ती अडवत नाही, आणि गॅसच्या दाबाने झाकणाचं वेल्क्रो सुटतं. मोठा पॅक तिच्या भरवशावर घरात ठेवू नये. पत्र्याची पेटी बरी, मात्र झाकणाचं रबर काढून टाका. हवाबंद पेटीत दाब साठतो. आतून जिप्सम बोर्ड लावा आणि तळाशी कोरडी वाळू टाका, नाहीतर उघडी टोकं पत्र्याला लागून शॉर्ट होतात.

रिकामं करताना पॅक पेटीत, बल्ब बाहेर, आणि जवळ कुणीतरी जागं असावं. बल्ब विझला म्हणजे काम झालं असं नाही. लोड काढला की व्होल्टेज परत वर चढतं. चोवीस तास जोडलेला ठेवा, काढा, तासभराने प्रत्येक सेल मोजा. वर आला असेल तर पुन्हा जोडा. शून्यावर टिकला की कनेक्टर कापा, पण एका वेळी एकच तार. दोन्ही एकदम कापल्या आणि काही चार्ज उरला असेल तर कात्रीच शॉर्ट करते. मग लाल-काळी तार पिळून जोडा आणि टेप लावा.

पेटला तर जवळ जाऊन धूर घेऊ नका. सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी मारा, कारण सेलला थंड करणं महत्त्वाचं आहे. अग्निशामकातली पावडर ज्वाळा दाबते, पण उष्णता तशीच राहते आणि शेजारचा सेल पुन्हा पेटतो.

रिकामा पॅकसुद्धा कचऱ्यात जात नाही. कचरागाडीत तो दाबला जातो. बॅटरी किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून ‘खराब झालेला लिथियम पॅक’ असं स्पष्ट सांगा, कारण काही केंद्रं असे पॅक वेगळे घेतात. टपालाने किंवा कुरियरने पाठवू नका. खराब लिथियम बॅटऱ्यांना आयाटाच्या (आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या) नियमांनुसार हवाई वाहतुकीत मनाई आहे.