शितावरून सुशीची परीक्षा: गंगापूर रोडवरचं जपानी रेस्टॉरंट

गंगापूर रोडवरच्या या रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा जाणारे मेन्यू उघडला की आधी मासा शोधतात. पाहायला हवा तो भात. सुशीचा कस भातातच लागतो आणि इथला भात मनापासून कौतुक करावं असा आहे.

निगिरी, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप, मागवा आणि बोटांनीच उचला, तसाच रिवाज आहे. भाताचा गोळा जेमतेम १५ ते २० ग्रॅमचा. उचलताना तो फुटत नाही, पण तोंडात गेला की शीत न् शीत मोकळं होतं. भात कोमट असतो, साधारण अंगाइतका. यासाठी आखूड दाण्याचा जपानी तांदूळ लागतो. तो गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ घालून उलथन्याने कापल्यासारखा कालवायचा, घोटायचा नाही, आणि वारा घालून वाफ घालवायची. ३०० ग्रॅम तांदळाला साधारण ५० मिली व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ. भात गार आणि टणक लागला तर तो फ्रिजमध्ये राहिलेला असतो, थंडीने दाणा आवळतो. इंद्रायणीही चिकटच, मग ती का नको, असं बरेच जण विचारतात. इगतपुरीकडची इंद्रायणी आमटीबरोबर अप्रतिम, पण तिचा सुवास व्हिनेगरखाली टिकत नाही आणि कालवताना ती लगदा होते.

आता मासा. नाशिकला समुद्र नाही, माल मुंबईहून कसारा घाट चढून येतो. त्यामुळे माल कोणत्या वारी येतो हे टेबल बुक करतानाच विचारून घ्या. इथे न कुरकुरता सांगतात. सॅमन परदेशातून येतो, म्हणून १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीचा त्याच्याशी संबंध नाही. स्थानिक मासळीचे पदार्थ मात्र त्या काळात टाळलेले बरे. कच्चा खायचा मासा आधी गोठवलेला असेल तर नाक मुरडू नका. उणे २० अंशांवर सात दिवस ठेवला की परजीवी मरतात, ती खबरदारी आहे. सॅमनचा काप ओलसर आणि चकचकीत हवा, कडा सुकलेल्या नकोत, वास आला तर परत पाठवा. सोया सॉसमध्ये भाताची बाजू बुडवली तर भात सॉस शोषून विस्कटतो; निगिरी आडवी करून माशाची कड टेकवा. सोबत दिलेलं आलं दोन घासांच्या मध्ये खायचं. हिरवी चटणी म्हणून जी वासाबी येते ती बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांची असते, इथेही तशीच आहे.

सगळ्यात सुरेख पदार्थ मात्र चवानमुशी. झाकणाच्या छोट्या कपात अंड्याचं वाफवलेलं, जेमतेम धरलेलं मिश्रण येतं. एक भाग अंडं, तीन भाग दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातलं पातळ सार, दोनदा गाळलेलं. चमचा घातला की ते थरथरतं आणि खालून कोळंबीचा तुकडा वर येतो. वाफ फार तापली की आत जाळीसारखी भोकं पडतात आणि पाणी सुटतं. इथे पृष्ठभाग आरशासारखा होता, एकही भोक नाही.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं, कारण मेन्यूवरचा हिरवा ठिपका इथे पुरेसा नाही. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी, आणि ती बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या, धुरावलेल्या बोनिटो माशाच्या कापांची असते. मिसो सूप, अगेदाशी टोफू, तेम्पुरा या जपानी भज्यांबरोबरचा सॉस, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, सगळ्यांत ती जाते. पोन्झू या आंबट सॉसमध्येही बोनिटो असू शकतो आणि जपानी मेयोनीजमध्ये अंडं असतं. त्यामुळे ‘व्हेज आहे का’ एवढंच न विचारता ‘दाशी कशाची आहे’ असं विचारा. इथे कोंबू आणि शिताके मश्रूमची वेगळी दाशी करून देतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण शिताके रात्रभर भिजवतात. जैन जेवण हवं असेल तर मश्रूम, कांदा, लसूण, आलं यांची यादी स्वतःच पाठवा. श्रावणात घरची वडीलधारी माणसं बरोबर असतील तर एवढं कराच. काकडी, ॲव्होकाडो, आणि मुरवलेल्या मुळ्याची माकी, म्हणजे गुंडाळून कापलेली सुशी, बिनधास्त मागवा.

तेम्पुरा कमी पडला. पीठ बर्फाच्या पाण्यात, गुठळ्या राहतील इतपतच ढवळायचं आणि १७० ते १८० अंशांवर तळायचं. जास्त ढवळलं की ग्लूटेन ताणतं आणि आवरण भज्यांसारखं जाड होतं. शनिवारी रात्रीच्या गर्दीत नेमकं तेच झालं, शिवाय ताट किचनच्या खिडकीत थांबलं आणि खालचे तुकडे मऊ पडले. आठवड्याच्या मधल्या दिवशी तोच पदार्थ कुरकुरीत आला. हँड रोलचं तसंच, त्याच्या बाहेरची नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळलेला पापुद्रा, ओल धरते आणि पावसाळ्यात तर लगेच, तेव्हा तो हातात आला की गप्पा थांबवून खा.

पेयात लाल वाइन नको. तिच्यातल्या लोहामुळे माशाची चव उग्र होते. आपल्या नाशिकचीच सोव्हिन्यों ब्लाँ किंवा कोरडी स्पार्कलिंग घ्या. साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, महागात पडते आणि इथे ती ग्लासने मिळत नाही.

बिल दोघांचं वाइनशिवाय चार हजारांच्या आसपास होतं. त्यात सेवा शुल्क आपोआप लावलेलं दिसलं तर काढायला सांगा. ते ऐच्छिक आहे, २०२५ च्या मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इथे एका वाक्यात काढून दिलं. शक्य असेल तर काउंटरच्या खुर्च्या मागा. त्या मोजक्याच आहेत, पण निगिरी वळली की लगेच समोर येते. आठ वाजण्याच्या आत बसलात तर भात ताजा कालवलेला असतो.