ओसूच्या एडिटरमध्ये तीनताल: आठ महिन्यांचा अनुभव

आधी हिशोब सांगून टाकतो. आठ महिने, दोन पूर्ण मॅप (म्हणजे गाण्यावर बसवलेली नोटांची मांडणी), एक अर्धवट. पैकी पहिले तीन महिने जवळजवळ वाया गेले, आणि तेही एडिटरमुळे नाही, माझ्या उफराट्या क्रमामुळे. म्हणून एवढं लांबण लावतोय.

ओसू हा २००७ पासून चालत आलेला फुकट रिदम गेम, ऑस्ट्रेलियातल्या डीन हर्बर्टने काढलेला. त्यातली गाणी खेळणारेच मॅप करतात आणि त्याचा एडिटर गेमच्या आतच असतो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, त्यामुळे मी लेझर ही नवी आवृत्ती वापरतो. चार मोड आहेत, मी अडकलो तायकोत. तायको म्हणजे जपानी ढोल. लाल नोट म्हणजे मध्ये कातड्यावर, तिला म्हणतात ‘दोन’ (पहिल्यांदा वाचून मी दोनदा मारलं होतं, खोटं कशाला बोलू), आणि निळी म्हणजे काठावर, ‘का’. कीबोर्डवर आतली दोन बटणं लाल, बाहेरची दोन निळी. लहानपणापासून चाट आणि मैदान (तबल्याची कड आणि आतला भाग) यांतला फरक कानावर पडलेल्या माणसाला यात शिकवण्यासारखं काही उरत नाही, असं मला वाटलं होतं.

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात. तबला मोठ्या काकांचा. मी चार वर्षं शिकून सोडला, ती बोच आहेच. तेव्हा ठरवलं की काकांचा तीनताल (सोळा मात्रांचा ताल), पेटीवर लेहरा (तालाबरोबर पुन्हा पुन्हा वाजणारी धून), तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं आणि तायकोत बसवायचं. रेकॉर्डिंग आपलंच, म्हणजे हक्काची भानगडही नाही. फोन उशीवर ठेवून दुपारी रेकॉर्ड केलं. मागे कुकरची एक शिट्टी आहे, ती अजून आहे.

माझी चूक अशी. मी ऐकत ऐकत सरळ नोटा टाकत सुटलो. काका सुरुवातीला ९६ च्या लयीत होते, म्हणून बीपीएम (मिनिटाला किती मात्रा) ९६ टाकला आणि लागलो कामाला. पहिलं आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, झकास. दुसरं जरा पुढे-मागे. चौथ्यापर्यंत नोटा एकीकडे, तबला दुसरीकडे. मग मी एकेक नोट हाताने सरकवत बसलो. रात्री रात्री! महिनाभर!

भानगड साधी आहे, फक्त ती आकड्यांत मांडून बघायला मला उशीर झाला. ९६ बीपीएमला एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची, सोळा मात्रांचं आवर्तन बरोबर दहा सेकंदांचं. माणूस पुढच्या आवर्तनात नुसता ९७ वर गेला, जे कुठल्याही कानाला कळणार नाही, तरी मात्रा सहा मिलिसेकंदांनी आखडते आणि पुढच्या समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) तुम्ही शंभर मिलिसेकंद मागे असता. तायकोत ओव्हरऑल डिफिकल्टी (वेळ किती अचूक हवी त्याचा आकडा) ५ ला ‘ग्रेट’ मिळायची खिडकी अलीकडे-पलीकडे ३५ मिलिसेकंदांची. म्हणजे एका आवर्तनात खेळ खलास. आणि काका ९७ वर थोडेच थांबणार? शेवटाला १०८ होते. आपल्याकडे लय चढतेच, चढली नाही तर ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) रेकॉर्ड केलेल्या गाण्याला एक बीपीएम पुरतो. आपल्या घरातल्या गाण्या-बजावण्याला तो पुरेल ही अपेक्षाच चुकीची.

तिथून पुढे मी टायमिंगच्या टॅबमध्ये राहायलाच गेलो. लेझरमधली ही एकच गोष्ट सांगायची झाली तरी मी हीच सांगेन. आवाजाची आकृती तिथे मात्रेमागून मात्रा, एकाखाली एक रांगांत मांडलेली दिसते. बीपीएम बरोबर असेल तर प्रत्येक रांगेतला ठोका एकाच उभ्या रेषेत येतो, पाठीच्या कण्यासारखा. काकांची लय चढायला लागली की तो कणा खाली जाता जाता डावीकडे कलतो. कानाला जे आठव्या आवर्तनात जाणवलं ते डोळ्याला दुसऱ्यातच दिसलं. मग प्रत्येक समेला एक टायमिंग पॉइंट (जिथून नवा बीपीएम सुरू होतो ती खूण) टाकला, ज्याला मॅप करणारे लाल रेघ म्हणतात. तीन मिनिटांत एकोणीस आवर्तनं, एकोणीस लाल रेघा. या रेघा आधी मारल्या असत्या तर नोटा आपोआप मात्रेवर चिकटल्या असत्या. मी आधी नोटा टाकल्या, म्हणून सगळ्या पुसून पुन्हा.

एकोणीस रेघा हाताने टाकायचा कंटाळा आला तेव्हा मी मॅप एक्स्पोर्ट करून फाइल उघडली. .ओएसझेड म्हणजे नाव बदललेली झिपच आहे, आत .ओएसयू ही साधी टेक्स्ट फाइल. लाल रेघेच्या ओळीत बीपीएम नसतोच, एका मात्रेचे मिलिसेकंद असतात, म्हणजे ६०,००० भागिले बीपीएम. एक्सेलमध्ये समांच्या वेळा लिहिल्या, वजाबाकी केली, सोळाने भागलं, चिकटवलं. पंधरा मिनिटांचं काम. कॉमर्सला असल्याचा आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

ब्लूटूथचं सांगायलाच हवं. सुरुवातीची वेळ म्हणजे ऑफसेट मी बटण टॅप करून धरला, कानात ब्लूटूथ इअरफोन. आवाज उशिरा पोचतो, बोट त्यामागून. पुतणीने तिच्याकडे वायरच्या हेडफोनवर खेळून पाहिलं आणि म्हणाली, “दादा, सगळं लेट आहे, तू झोपेत केलंस का?” सबंध मॅप सरकवावा लागला. दुसरं असंच: कुकरची शिट्टी कापायचा मोह झाला, ऑडिओ कापून पुन्हा एमपी३ केला. तो फॉरमॅट नव्याने बांधताना सुरुवातीला थोडी शांतता घालतोच, ती धरून सगळं परत सरकलं. शिट्टी परत आणली. ऑडिओ एकदा पक्का केलात की त्याला हात लावू नका.

आता मजेचा भाग. बोलांना (तबल्याच्या अक्षरांना) रंग कुठले द्यायचे? तायकोत मोठी नोटही असते, दोन्ही हातांनी एकदम मारायची. मला वाटलं, धा तर दोन्ही हातांचाच! डग्गा आणि चाट एकदम. म्हणून धा, धिं सगळे मोठे लाल, ता, तिं निळे. कागदावर सुरेख. पण मोजा: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळापैकी बारा मोठ्या नोटा. पुतणीने एक आवर्तन खेळून मनगट चोळलं. आणि खेळताना जो आकार जाणवायला हवा, खाली (डग्गा गप्प असतो तो भाग) आली, भरी (तो वाजतो तो भाग) परत आली, तो कुठेच नव्हता. शेवटी मोठी नोट फक्त समेला ठेवली, बाकी भरीचे साधे लाल, दहावी ते तेरावी मात्रा निळ्या. तिरकिटला मात्रेचे चार भाग, तिस्रला तीन, हे बीट डिव्हायझरवर एका झटक्यात बदलतं. तिहाईमध्ये (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) मात्र मी रंग मुद्दाम तिन्ही वेळा तेच ठेवले. तिसऱ्यांदा आलं की हात आपोआप समेवर पडतो.

कुरकुर? आहे. दीड-दोनशे नोटांवर रंग बदलत बसणं डोकेफोड आहे. व्हेरिफायचा टॅब तांत्रिक चुका दाखवतो, पण मॅप रटाळ आहे हे सांगत नाही. त्याला माणसंच लागतात. मॅप रँक, म्हणजे अधिकृत, व्हायचा तर दोन नॉमिनेटरांची (मॅप तपासणाऱ्यांची) मान्यता, मग सात दिवस क्वालिफाइड या प्रतीक्षेत. मी त्या वाटेला गेलेलो नाही. माझा पहिला मॅप बरेच दिवस हात न लावल्यामुळे सरळ ग्रेव्हयार्डमध्ये गेला. स्मशानच म्हणतात त्याला, आपण काय बोलणार.

काकांना दाखवला तेव्हा ते चष्मा वर करून बघत राहिले. तेराव्या आवर्तनाशी म्हणाले, “थांब. इथे मी दम घेतलाय, तुझी नोट आधीच पळाली.” उघडून पाहिलं तर तिथली लाल रेघ खरोखर चाळीसेक मिलिसेकंद अलीकडे होती. २५ डिसेंबर २०२३ ला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर १,२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनेस रेकॉर्ड केलं, त्यावरून मी विचारलं, इतक्या जणांची लय कशी जमली असेल? काका म्हणाले, “तिथे प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकतो. तुझं मशीन माझं ऐकतंय कुठे, माझ्याकडून ऐकवून घेतंय.” मग स्वतः खेळायला बसले आणि तिसऱ्या ओळीला चारही बटणं एकदम दाबली.

आता तिसरा मॅप रूपकाचा, म्हणजे सात मात्रांच्या तालाचा, अर्धवट आहे. टाइम सिग्नेचर सात, ते एडिटर निमूटपणे घेतो. अडलंय दुसरीकडेच: तीं तीं ना, धी ना, धी ना. रूपकाची सम म्हणजेच खाली. मोठी नोट समेला हा माझा नियम, आणि निळा रंग खालीला हाही माझाच. काकांना फोन केला तर म्हणाले, “निळीच. पण मोठी.” पुतणीचं म्हणणं, सुरुवातीलाच मोठी निळी आली की माणूस गोंधळतो. सध्या निळी ठेवलीय, रविवारी दोघांना एकत्र बसवून खेळायला लावणार आहे.