आधी कोर्ट मॅरेज की थेट पार्टनर व्हिसा?

आमच्या खारघरच्या सोसायटीत हल्ली हा प्रश्न दोन जोडप्यांनी विचारला. दोघांनाही ऑस्ट्रेलियाला जायचंय.

लग्न न करता अर्ज करायचा, तर साधारणपणे अर्जाआधीचे किमान 12 महिने तुमचं नातं 'डी फॅक्टो', म्हणजे लग्नाशिवाय पण नवरा-बायकोसारखं एकत्र राहण्याचं, होतं हे दाखवावं लागतं. इथे आपल्याकडे खरी अडचण येते. भाड्याचा करार एकाच्याच नावावर असतो, कारण घरमालकाला 'नवरा-बायको' हवे असतात, आणि घरच्यांना तर 'रूममेट' सांगितलेलं असतं! म्हणून लिव्ह अँड लायसन्स करार दोघांच्या नावाने नोंदवून घ्या. जॉइंट खातं, दोघांच्या नावाने त्याच पत्त्यावर आलेली पत्रं, एकत्र प्रवासाची तिकिटं, नातं माहीत असलेल्या मित्रांची निवेदनं, सगळं पहिल्या दिवसापासून जपा. नंतर जमवायला गेलात तर दमछाक होते.

लग्न केलं तर 12 महिन्यांची अट सुटते. विशेष विवाह कायदा, 1954 खाली विवाह अधिकाऱ्याकडे लग्नाची नोटीस द्या, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात 30 दिवस वास्तव्य हवं. मग पुन्हा 30 दिवस थांबा आणि तीन साक्षीदार घेऊन सही करा. मात्र ही नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते, त्यामुळे घरी आधीच सांगितलेलं बरं.

पण प्रमाणपत्र मिळालं की काम झालं, हा भ्रम आहे. नातं खरं आहे का, हे विवाहितांनाही सिद्ध करावंच लागतं.

वर्षभराचे कागद हातात नसतील, तर मी नोटीसच देईन.